घरचे मैदान, घरचा आवाज

फुटबॉलच्या मैदानावर एका बाजूने अकरा गडी खेळतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ज्या गावात हा खेळ खऱ्या अर्थाने रुजला आहे, तेथे आणखी एका गड्याची गणना होते. तो म्हणजे कठड्याबाहेर उभा असलेला प्रेक्षकसमुदाय. या बाराव्या गड्याला ना गणवेश, ना सराव, ना शिक्षक. तो येतो, ओरडतो, शिट्या वाजवतो, आणि संघ हरू लागला की मुकाट्याने घरची वाट धरतो, क्वचित हाती दगडही घेतो. या गड्यालाही काही शिकविता येईल काय, त्याचा आवाज अधिक एकदिल, अधिक सुरेल आणि अधिक सभ्य करता येईल काय, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. कोणी म्हणेल, खेळ पायांनी खेळावयाचा. त्यात गळ्याचे काय काम? या प्रश्नाचे उत्तर २०२० साली साऱ्या जगाला अनपेक्षित रीतीने मिळाले. साथीच्या रोगामुळे थांबलेली जर्मनीची बुंडेसलीगा स्पर्धा १६ मे २०२० रोजी पुन्हा सुरू झाली, ती रिकाम्या मैदानांवर. तेच संघ, तीच मैदाने, तेच पंच. उणीव एवढीच की प्रेक्षक नव्हते. पुढे अभ्यासकांनी या व इतर देशांतील सामन्यांचे निकाल ताडून पाहिले, तेव्हा असे आढळले की यजमान संघाला घरच्या मैदानाचा जो लाभ एरवी मिळतो तो या काळात घटला, आणि पाहुण्या संघाच्या खेळाडूंना पंचांनी दाखविलेल्या ताकिदींचे प्रमाणही कमी झाले. याहून जुना एक प्रयोग इंग्लंडात झाला व २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळीस पंचांना एकाच सामन्यातील ४७ प्रसंग पडद्यावर दाखविण्यात आले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना निःशब्द. ज्यांच्या कानी आवाज पडत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी चुका धरल्या. पंच अप्रामाणिक होते असा याचा अर्थ नव्हे. मनुष्य निर्णय घेतो तेव्हा भोवतालच्या आवाजाचा भार त्याच्या मनावर नकळत पडतो, एवढाच त्याचा अर्थ. गर्दीचा आवाज हा केवळ करमणुकीचा भाग नसून खेळातील एक शक्ती आहे, आणि शक्ती म्हटली की तिला वळण लावण्याची जबाबदारीही आलीच.

आवाज तर दूरच राहिला, नुसती उपस्थितीदेखील केवढी मोलाची असते, याचा धडा मुंबईने २०१८ साली दिला. त्या वर्षी १ जून रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५–० असा पराभव केला. कर्णधार सुनील छेत्री याने तीन गोल केले; पण पाहावयास प्रेक्षक होते अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून लोकांना हात जोडून विनवणी केली की, मैदानावर या, आम्हांला नावे ठेवावयाची असतील तर खुशाल तोंडावर ठेवा, पण या. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना हा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या दिवशी पाऊस कोसळत असताही साऱ्या तिकिटांची विक्री झालेली होती, आणि भारताने ३–० असा विजय मिळविला. तीन दिवसांत संघ बदलला नव्हता, मैदान बदलले नव्हते. बदलले होते ते वातावरण. मात्र यातील दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. राष्ट्राच्या कर्णधाराला प्रेक्षकांपुढे पदर पसरावा लागावा, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. विनवणीने भरलेले मैदान एकदा भरते. सवयीने भरलेले मैदान दर आठवड्याला भरते.

सवयीने भरणारे मैदान पाहावयाचे असेल तर महाराष्ट्रात कोल्हापूरला गेले पाहिजे. तेथील फुटबॉल हा तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावेच सांगतात की हे संघ कंपन्यांनी किंवा धनिकांनी विकत घेऊन उभारलेले नाहीत. ते पेठापेठांचे आहेत. ज्या पेठेत मल्ल घुमले त्याच पेठेत चेंडूही उसळू लागला. हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठेतील लहानथोर मंडळी झेंडे घेऊन निघतात, आणि ज्या हलगीच्या कडकडाटाने कुस्तीचा आखाडा दणाणतो तो ताल प्रेक्षकांच्या अंगी मुरलेलाच असतो. अशाच वातावरणाच्या गावातून अनिकेत जाधव हा खेळाडू निघाला आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत देशाकडून खेळला.

परंतु ज्या ज्योतीने घर उजळते तिनेच ते पेटतेही. कोल्हापूरच्या फुटबॉलवर प्रेम करणारे लोकच खेदाने सांगतात की पेठांची ईर्ष्या अनेकदा शिवीगाळीवर, हुल्लडबाजीवर आणि दगडफेकीवर गेली. पोलिसांना मध्ये पडावे लागले, स्पर्धा अर्ध्यावर अडखळल्या. सामना थांबला की सर्वांत मोठे नुकसान होते ते खेळाडूचेच. वर्षातील जे थोडे महिने त्याने घाम गाळून राखलेले असतात तेच त्याच्या हातून जातात. आणि शिवीगाळ वाढली की प्रेक्षकांतून प्रथम गळतात त्या स्त्रिया, मागोमाग मुले. एकदा ही मंडळी गेली म्हणजे राहिलेल्या गर्दीला आवरणारे कोणी उरत नाही.

गर्दीचा तोल सुटला म्हणजे काय होते, याची सर्वांत वेदनादायक आठवण कलकत्त्याची आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याच्या वेळी प्रेक्षकांत मारामारी जुंपली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा माणसे प्राणास मुकली. ती सारी खेळ पाहावयास घरून निघालेली माणसे होती. बंगालमध्ये पुढे तो दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळण्याची आणि त्या दिवशी रक्तदान करण्याची प्रथा पडली, हे त्या नगरीला भूषणावह आहे. पण बोध असा की, मैदानावरचे वातावरण सुधारणे हा केवळ हौसेचा विषय नसून प्रसंगी माणसाच्या जिवाचाही विषय आहे.

आता वातावरण सुधारावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? यातील पहिली गोष्ट विज्ञानाची आहे आणि ती फार सोपी आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. फुटबॉलचे मैदान साधारण शंभर मीटर लांब असते. म्हणजे एका गोलामागे वाजविलेली टाळी दुसऱ्या गोलामागे ऐकू येते ती जवळजवळ एक-तृतीयांश सेकंदानंतर. मिनिटाला १२० टाळ्या पडत असतील तर दोन टाळ्यांमधले अंतर अर्ध्या सेकंदाचे असते. समोरच्या टोकाचे लोक आपल्या कानांवर विसंबून टाळी देऊ लागले की ती अर्ध्याहून अधिक मात्रेने मागे पडते, आणि क्षणार्धात तालाचा गोंधळ होतो. म्हणूनच मैदानभर विखुरलेले शंभर उत्साही लोक एक गाणे धरू शकत नाहीत. पण तेच शंभर लोक एका गोलामागे खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर त्यांचा आवाज हजारांच्या कानी जातो. डोक्यावर पत्र्याचे छप्पर असेल तर आणखी उत्तम, कारण वर उडून जाणारा आवाज परत खाली येतो.

तेव्हा पहिला नियम हा की, गाणाऱ्यांनी एकत्र बसावे, आणि व्यवस्थापकांनी त्यांना एक जागा राखून द्यावी. जगात जेथे जेथे प्रेक्षकांचे गायन नावाजले आहे तेथे असा एक कोपरा असतोच. आपल्या देशात बंगळूरच्या संघाचे पाठीराखे 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' हे नाव मिरवितात, ते मैदानाच्या पश्चिमेकडील आपल्या जागेवरूनच. केरळच्या संघाचे 'मंजप्पडा', म्हणजे पिवळी सेना, एकाच रंगाचे सदरे घालून बसतात. त्यामुळे डोळ्यांनाही एकी दिसते आणि जो अनोळखी आहे त्यालाही आपण कोठे जावे हे समजते.

दुसरा नियम नायकाचा. वारीतील दिंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको. शेकडो माणसे चालत असतात, तरी ताल सुटत नाही. कारण प्रत्येक दिंडीला आपला विणेकरी असतो, आपला मृदंग असतो, आणि टाळकरी त्याच्याकडे पाहून टाळ वाजवितात. 'पाहून' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. प्रकाशाला वाट पाहावी लागत नाही. कानांनी पकडलेला ताल उशिरा पोहोचतो, डोळ्यांनी पकडलेला तत्क्षणी पोहोचतो. म्हणून मैदानावरील गायनाचा नायक उंच जागी, मैदानाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभा राहावयास हवा. सामना पाहण्याचा आनंद त्याला बव्हंशी सोडावा लागतो. हा एक प्रकारचा त्यागच होय, आणि म्हणून ही जागा आळीपाळीने वाटून घ्यावी. ढोल एकच असावा, फार तर दोन. सात ढोल आणि वीस पिपाण्या मिळून वातावरण होत नाही, कलकलाट होतो.

तिसरा नियम गाण्याचा. मैदानावरचे गाणे लहान असावे. दोन ओळींचे असले तर तीन ओळींपेक्षा बरे. त्याची चाल चार-पाच सुरांत सामावणारी असावी, म्हणजे जाड्या गळ्याच्या पुरुषालाही आणि बारीक गळ्याच्या मुलालाही ती पेलेल. गती संथ असावी. घाईचे गाणे गर्दीच्या हातून निसटते. शब्दांत संघाचे नाव, गावाचे नाव असावे. युरोपातील २०१६ च्या स्पर्धेत आइसलंडसारख्या चिमुकल्या देशाच्या प्रेक्षकांनी सारे जग जिंकले, ते एका शब्दाच्या हुंकाराने आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या टाळीने. त्यात गाणे असे काही नव्हतेच. होती ती शांततेची आणि नादाची सांगड. दोन टाळ्यांमधल्या शांततेतच प्रेक्षकांचे एकमत ऐकू येते.

गाणे संघासाठीच रचलेले असावे असेही नाही. लिव्हरपूलच्या मैदानावर जे गीत आज संघाचे राष्ट्रगीतच समजले जाते, ते मुळात १९४५ सालच्या एका अमेरिकन संगीत नाटकातले. १९६३ साली लिव्हरपूलमधील गेरी अँड द पेसमेकर्स या गायकवृंदाने त्याची ध्वनिमुद्रिका काढली, मैदानावर ती वाजली, आणि लोकांनी ती उचलली. पुढे १९८९ साली हिल्सबरो येथील चेंगराचेंगरीत त्या संघाच्या ९७ पाठीराख्यांचा अंत झाला, तेव्हापासून त्या गीताला शोकाची आणि सोबतीचीही धार आली. गाणे घरचे होते ते कवीमुळे नव्हे. वाईट दिवसांत सर्वांनी मिळून म्हटल्यामुळे.

आणि येथेच मला सुरतेच्या पांडेसरा भागाचा विचार सुचतो. कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्यांची ही वस्ती. ताप्तीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर, जळगाव या बाजूंनी आलेली खानदेशी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या शेजारी ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे आणि बिहारचे कामगार राहतात, आणि स्थानिक गुजराती समाज तर आहेच. सुरत महानगरपालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू या माध्यमांच्याही शाळा चालविते, यावरूनच या शहराच्या बहुभाषिक संसाराची कल्पना यावी. अशा वस्तीतील एखाद्या शाळेचा किंवा गल्लीचा संघ मैदानावर उतरला, तर त्याच्यासाठी गावयाचे कोणत्या भाषेत? आणि 'घरचे मैदान' म्हणावयाचे ते कोणाचे? येथे येणाऱ्या कित्येकांच्या मनातले घर अजून शेकडो मैल दूर असते.

भाषेची अडचण दिसते तेवढी मोठी नाही, असे मला वाटते. श्रावणात खानदेशी बायका कानबाईची स्थापना करतात, रोटांचा नैवेद्य करतात आणि रात्र जागवून अहिराणी गाणी म्हणतात. एकीने ओळ धरावी, इतरजणींनी ती उचलावी. गुजराती गरब्यात तेच होते: एक गाते, सारे झेलतात, आणि टाळी वर्तुळभर एकाच वेळी पडते. उत्तरेकडच्या फगव्यात ढोलक आणि झांजेच्या साथीने दोन ओळी समोरासमोर बसून गातात. ओडिशाचे संकीर्तनही मृदंग-झांजेवर अशाच रीतीने रंगते. शब्द चार भाषांचे, देव निरनिराळे, पण बांधणी एकच: एकाने हाक द्यावयाची आणि सर्वांनी ओ द्यावयाची. मैदानावरच्या गायनाला याहून वेगळे काही लागत नाही. जे युरोपात संघटना काढून शिकवावे लागते ते पांडेसऱ्याच्या चाळीत घरोघर आहे. फक्त ते देवघरातून आणि अंगणातून मैदानापर्यंत आणावयाचे आहे. चाल गरब्याची, ढोलकी बिहारची, नायकीण खानदेशची आणि नाव पांडेसऱ्याचे, असे गाणे जमले तर त्याला भाषांतराची गरज पडणार नाही.

चौथा नियम मर्यादेचा. आपल्या संघाला चढविणारे गाणे आणि दुसऱ्याला खाली पाडणारी घोषणा यांत मोठे अंतर आहे. प्रतिपक्षाची थोडी थट्टा चालेल. ती खेळाची फोडणी आहे. परंतु आईबहिणींवरून शिवी, जातीवरून टोमणा, 'तू परप्रांतीय' असा उद्धार, किंवा कोणी जखमी होऊन पडला असता केलेला जल्लोष या चार गोष्टी कधीही चालू देऊ नयेत. बहुभाषिक वस्तीत तर हे पथ्य दुप्पट पाळले पाहिजे, कारण तेथे मैदानावरचा अपशब्द दुसऱ्या दिवशी खात्यात, यंत्रापाशी भेटतो. शिवी ऐकू आली तर पोलिसांची वाट पाहत बसू नये. नायकाने तत्काळ दुसरे गाणे उचलावे. शंभरांच्या गाण्यात पाचांची शिवी बुडून जाते. फटाके आणि आतषबाजी यांना मात्र पूर्ण मज्जाव हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात अरीकोड भागातील एका सामन्याआधी उडविलेले फटाके प्रेक्षकांत घुसले आणि अनेकांना इजा झाली. आनंदाचा आवाज गळ्यातून निघावा, दारूगोळ्यातून नव्हे.

पाचवा नियम काळाचा. गाणे केव्हा म्हणावे? आपला संघ जिंकत असताना कोणीही गातो. खरी गरज असते ती गोल अंगावर बसल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत. त्या वेळी खेळाडूची मान खाली गेलेली असते, सहकाऱ्यांकडे पाहण्याचे त्याला धैर्य होत नाही. त्या क्षणी कठड्याबाहेरून आपल्या गावाचे नाव कानी पडले तर तो मान वर करतो. म्हणून पाठीराख्यांनी आधीच ठरवून ठेवावे: गोल झाला की कुरकुर नाही, तेच पहिले गाणे पुन्हा. आणि सामना संपल्यावर, हरला तरी, संघ मैदानाबाहेर जाईपर्यंत जागा सोडू नये. पाहुण्या संघासाठीही एकदा टाळी वाजवावी. यजमानाला ते शोभून दिसते.

एवढे सारे प्रेक्षकांनी करावयाचे. पण व्यवस्थापकांनाही आपला वाटा उचलावा लागेल. ज्या वस्तीत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात तेथे सामना कोणत्या दिवशी, किती वाजता भरवावयाचा, हे कामगारांच्या सुट्टीकडे पाहून ठरविले पाहिजे. पिण्याचे पाणी, थोडी सावली, स्त्रियांसाठी शौचालय आणि मुलांना पुढे बसण्याची जागा, एवढ्या चार गोष्टी केल्या तर निम्मे वातावरण आपोआप सुधारते. बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे आणि रुंद ठेवावेत. कलकत्त्याचा आणि हिल्सबरोचा हाच धडा आहे. ध्वनिक्षेपकावरून सिनेमाची गाणी लावून प्रेक्षकांचा घसा बंद करू नये. कर्णा ओरडू लागला की माणूस ऐकणारा होतो. कर्णा गप्प झाला की तो गाणारा होतो.

आरंभी शंभर माणसे मिळणार नाहीत. वीस मिळाली तरी पुष्कळ. दोन गाणी, एक ढोल, एक नायक आणि गोलामागची एक ठरलेली जागा, एवढ्या भांडवलावर एक हंगाम काढावा. पहिल्या दोन सामन्यांत आजूबाजूचे लोक हसतील, तिसऱ्यात ते टाळी देतील, आणि हंगामाच्या अखेरीस गाणे कोणी सुरू केले हे कोणाच्या ध्यानातही राहणार नाही. गाणे घरचे झाले याची तीच खूण.

घर म्हणजे केवळ आपण जेथे जन्मलो ती जागा नव्हे. आपण हाक दिली असता जेथून ओ येते ती जागा म्हणजे घर. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत ज्यांचा आवाज कोणाला ऐकू जात नाही, त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ आपला आवाज शेकडोंच्या आवाजात मिसळताना ऐकावयास मिळाली, आणि मैदानावर धावणाऱ्या त्यांच्या मुलाने त्या आवाजाकडे वळून पाहिले, तर सामन्याचा निकाल काहीही लागो, त्या मैदानाला 'घरचे' म्हणावयास कोणाचीही हरकत राहणार नाही.